डीव्हीडी ड्राइव्ह आतला की बाहेरचा? वस्तीतल्या सीड्या वाचवण्याआधी एवढे समजून घ्या

बीड तालुक्यातील नारायणगडाचे नाव निघाले की लोकांना नगद नारायणाचा गड आणि आषाढीची गर्दी आठवते. गडाच्या परिसरातल्या गावांत, आणि खरे तर मराठवाड्यातल्या बहुतेक गावांत, आपली वस्तीही असते. त्या वस्तीत कोणाच्या ना कोणाच्या लोखंडी पेटीत एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात सीड्या आणि डीव्हीड्या. १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे शूटिंग, कोणाच्या तरी मंगल परिणयाची डीव्हीडी, गावातल्या गायन पार्टीने रात्रभर गायलेली भीमगीते, विहाराच्या उद्घाटनाला आलेल्या भन्तेजींची धम्मदेसना. नशीब असेल तर नामांतराच्या लढ्यात उतरलेल्या एखाद्या म्हाताऱ्या कार्यकर्त्याने कॅमेऱ्यासमोर सांगितलेली हकीकतही असते.

यातले बरेचसे चित्रीकरण २००० ते २०१२ च्या आसपासचे. त्या काळात शूटिंगवाला कॅसेटवरून डीव्हीडी ‘रायटिंग’ करून देत असे आणि पुढे मूळ कॅसेटवर दुसऱ्या लग्नाचे शूटिंग करत असे. म्हणजे जगात त्या कार्यक्रमाची प्रत तेवढीच, पिशवीतली. आणि आज घरात जो लॅपटॉप आहे त्याला डिस्क घालायची जागाच नाही.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांकडून एक प्रश्न वारंवार येतो. यूएसबीने बाहेरून लावायचा डीव्हीडी ड्राइव्ह घ्यावा, की जुना डेस्कटॉप काढून त्यात आतला बसवावा? त्याला चिकटून दुसरा प्रश्न येतो. उतरवून घेतलेला माल आतल्या हार्ड डिस्कवर ठेवावा की बाहेरच्या? दोन्हीची उत्तरे वेगळी आहेत, आणि दुकानदार बहुधा दोन्ही एकच समजून सांगतो. डिस्क वाचायला बाहेरचा ड्राइव्ह घ्या, तोही घरटी एक नको, विहाराला किंवा मंडळाला मिळून एक पुरे. काम करताना कॉम्प्युटरच्या आतली डिस्क वापरा. आणि जपून ठेवायला दोन बाहेरच्या हार्ड डिस्क, दोन वेगळ्या घरांत. हे असेच का, ते पाहू.

घाई का करायची

कंपनीत छापलेली सीडी आणि शूटिंगवाल्याने कॉम्प्युटरवर ‘राइट’ केलेली सीडी दिसायला सारखीच, पण आतून वेगळी. छापलेल्या सीडीत माहिती साच्यातून खड्ड्यांच्या रूपात उमटवलेली असते. राइट केलेल्या डिस्कमध्ये रंगद्रव्याचा एक पातळ थर असतो आणि लेसरने तो जागोजागी जाळून माहिती लिहिलेली असते. हे रंगद्रव्य उष्णतेने आणि उन्हाने खराब होते. बीडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या घरात, पत्र्याच्या पेटीत काय होत असेल याची कल्पना करा. त्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची घरे दिवाळीपासून पाच-सहा महिने बंद असतात. पिशवी तशीच पडून राहते, उंदीर-धूळ वेगळी.

आणखी एक गैरसमज. लोक सीडीची चकचकीत बाजू जपतात आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने दाबून नाव लिहितात. सीडीत माहितीचा थर असतो तो वरच्या बाजूला, लेबलाच्या अगदी खाली. खालच्या प्लास्टिकवरचा ओरखडा एक वेळ पॉलिशने निघेल, वरचा खरवडला तर माहितीच निघून जाते. डीव्हीडीत थर दोन प्लास्टिकच्या मधोमध असल्यामुळे ती थोडी सुरक्षित. नाव लिहायचेच तर सीडीसाठी मिळणाऱ्या मऊ मार्करने, तेही मधल्या पारदर्शक गोलावर.

एकच प्रत असणे किती महाग पडते हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ साली झाले आणि महाराष्ट्र शासनाचा ‘लेखन आणि भाषणे’ मालिकेचा पहिला खंड १९७९ साली आला. मधल्या काळात हस्तलिखिते पेट्यांत होती. १९८७ च्या तिसऱ्या खंडात प्राचीन भारतातील क्रांती-प्रतिक्रांतीवरचे जे लेखन आहे, ते उघडून पाहा. हे प्रकरण अपुरे आहे, पुढची पाने मिळाली नाहीत, अशा संपादकांच्या टिपा जागोजागी भेटतात. त्याहून मागे जायचे तर इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत दुष्काळ आणि युद्धाने पाठांतर करणारे भिक्खू मरू लागले, तेव्हा संघाने त्रिपिटक ताडपत्रांवर लिहून काढायचा निर्णय घेतला. तोवर सगळे मुखोद्गत होते. साधन बदलायची वेळ ओळखणे ही आपल्या परंपरेला नवी गोष्ट नाही.

आधी पिशवी निवडा

ड्राइव्ह विकत घेण्याआधी एक दुपार घालवा आणि सीड्यांचे दोन ढीग करा. पहिल्या ढिगात ते, जे जगात दुसरीकडे मिळते. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने १९९० च्या दशकात छट्ठ संगायनाचे त्रिपिटक सीडी-रॉमवर आणले होते. अनेक विहारांत ती सीडी अजून आहे आणि लोक ती जिवापाड जपतात. पण तेच पाली साहित्य आता टिपिटक डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर देवनागरीसह अनेक लिप्यांत मोफत आहे. बाबासाहेबांच्या इंग्रजी खंडांच्या पीडीएफ भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत. मोठ्या कंपन्यांनी काढलेल्या भीमगीतांच्या सीड्या बहुतेक ऑनलाइन सापडतात. या ढिगावर वेळ घालवू नका, निदान आधी तरी नको.

दुसऱ्या ढिगात ते, जे फक्त आपल्याकडे आहे. वामनदादा कर्डक गावोगाव फिरून गायले. २००४ साली ते गेले. त्यांच्यासारखे ज्यांचे नाव कुठे छापले गेले नाही असे गायक प्रत्येक तालुक्यात होऊन गेले आणि त्यांचा आवाज असलाच तर अशा पिशवीतच आहे. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ ला झाला आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला. त्या सोळा वर्षांत ज्यांची घरे जळाली ती माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत, काही राहिलीही नाहीत. त्यांचे बोलणे कोणत्याही सरकारी अभिलेखागारात नाही. हा ढीग आधी.

आतला ड्राइव्ह

डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये सव्वापाच इंची खाचेत बसतो तो आतला ड्राइव्ह. त्याला वीज थेट कॅबिनेटच्या पॉवर सप्लायमधून मिळते, त्यामुळे तो जोमाने आणि स्थिर फिरतो. किंमत बाहेरच्यापेक्षा साधारणपणे कमी. वेगही जास्त. सीडी तो ४८ पटीपर्यंत वाचतो, तर बाहेरचा स्लिम ड्राइव्ह साधारण २४ पटीपर्यंत. सीडीची एक पट म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट, त्यावरून हिशेब करा.

एवढे गुण असूनही तो घ्यायचा सल्ला मी सरसकट देणार नाही. पहिले कारण, तो कुठे बसणार? नव्या कॅबिनेटना ती खाच बहुधा नसतेच. ऑफिसातून निघालेले जे बुटके जुने डेस्कटॉप स्वस्तात मिळतात, त्यांना लॅपटॉपसारखा पातळ ड्राइव्ह लागतो आणि त्याचे कनेक्टरही वेगळे असते. खूप जुन्या मदरबोर्डवर साटा पोर्ट नसून रुंद फितीच्या केबलचे आयडीई पोर्ट असते, त्यात आजचा ड्राइव्ह बसत नाही. म्हणून घेण्याआधी कॅबिनेटचे झाकण उघडा, आतला फोटो काढा आणि तो दुकानात दाखवा. साटाचे पोर्ट मोकळे आहे का, पॉवरची साटा पिन शिल्लक आहे का, एवढे दोनच प्रश्न.

दुसरे कारण वेगाबद्दलचे. वेग इथे फारसा कामाचा नाही. भरलेली डीव्हीडी उतरवायला बाहेरच्या ड्राइव्हला दहा-बारा मिनिटे लागतील, आतल्याला त्याहून कमी. पण डिस्क बदलायला माणूस बसलेलाच असतो. आणि खराब झालेली डिस्क हळू फिरवली तर पुष्कळदा जास्त चांगली वाचली जाते.

तिसरे कारण सगळ्यात मोठे. आतला ड्राइव्ह एका कॉम्प्युटरचा होऊन बसतो. तो ज्याच्या घरी, त्याच्या घरी सगळ्यांनी सीड्या नेऊन द्यायच्या. आपल्या आईच्या लग्नाची डीव्हीडी दुसऱ्याच्या घरी चार दिवस ठेवायला कोण तयार होते?

हां, घरात चालू स्थितीतला जुना डेस्कटॉप असेल आणि त्यात ड्राइव्ह आधीच असेल, तर तो भंगारात देऊ नका. एका ड्राइव्हने न वाचलेली डिस्क दुसरा ड्राइव्ह वाचतो, हा नेहमीचा अनुभव आहे. लेसर, भिंग, दुरुस्तीची पद्धत प्रत्येकाची थोडी वेगळी असते. हट्टी डिस्कसाठी असा दुसरा ड्राइव्ह हाताशी असलेला बरा.

बाहेरचा ड्राइव्ह

बाहेरच्या डीव्हीडी रायटरच्या पेटीत खरे तर लॅपटॉपचाच पातळ ड्राइव्ह असतो, सोबत यूएसबीचे छोटे सर्किट. पिशवीत घालून एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत नेता येतो. ज्याच्या घरी लॅपटॉप आहे तिथे बसून, घरच्यांच्या डोळ्यांसमोर प्रत काढता येते आणि मूळ डिस्क तिथल्या तिथे परत देता येते. विश्वासाचा प्रश्न तिथेच मिटतो. लाइट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम चालू राहते. गावात हा मुद्दा वेगापेक्षा मोठा आहे.

त्याची एक अडचण मात्र समजून घ्या. हा ड्राइव्ह स्वतःची सगळी वीज यूएसबी पोर्टमधून घेतो. यूएसबी २.० पोर्टची मर्यादा ५०० मिलीअँपिअर, ३.० ची ९००. डिस्क फिरायला सुरुवात होताना काही ड्राइव्हना ५०० पुरत नाही. मग टिक-टिक आवाज येतो, ड्राइव्ह दिसतो आणि गायब होतो, आणि आपल्याला वाटते डिस्कच खराब. अशा वेळी निळ्या रंगाचे पोर्ट वापरून पाहा, ते बहुधा ३.० असते. डेस्कटॉप असेल तर पुढच्याऐवजी मागचे पोर्ट वापरा. चार तोंडांच्या स्वस्त हबला लावू नका. काही ड्राइव्हसोबत दोन यूएसबी तोंडांची केबल येते, ती दोन्ही तोंडे लावण्यासाठीच असते. मोबाइलला ओटीजीने जोडून चालेल असे धरून तर अजिबात चालू नका.

घेताना ट्रे बाहेर येणारा घ्या. फटीतून डिस्क आत ओढणारा नको, कारण हँडीकॅमच्या त्या छोट्या, आठ सेंटिमीटरच्या डिस्क त्यात अडकतात. ट्रेमध्ये त्यांच्यासाठी आतली गोल खोबण असते. वापर झाला की ड्राइव्ह कापडी पिशवीत. भिंगावर धूळ बसली की तो चांगल्या डिस्कलाही नाकारतो.

प्रत काढताना कुठे फसगत होते

सीडी कॉम्प्युटरवर उघडली, आतल्या फायली निवडल्या, कॉपी-पेस्ट केले, झाले. एमपीथ्रीच्या सीडीसाठी हे खरे आहे. पण टेपवर, कारमध्ये वाजणारी साधी ऑडिओ सीडी असेल तर तिच्यात ‘ट्रॅक०१’ अशा नावाच्या सीडीए फायली दिसतात, प्रत्येकी एक केबीसुद्धा नसलेल्या. त्या गाण्याच्या फायली नव्हेतच, गाणे डिस्कवर कुठे सुरू होते याचे नुसते पत्ते आहेत. त्या कॉपी करून कोणी डिस्क टाकून दिली तर हाती काहीच उरत नाही. ऑडिओ सीडी ‘रिप’ करावी लागते. विंडोजच्या मीडिया प्लेअरमध्ये तो पर्याय आहे. फ्लॅक किंवा वेव्ह निवडा. एमपीथ्री नंतर केव्हाही बनवता येते.

व्हीसीडीत ‘एमपीइजीएव्ही’ नावाच्या फोल्डरमध्ये डॅट फाइल असते, ती तशीच कॉपी करा. व्हीएलसी प्लेअर ती चालवतो. डीव्हीडीत ‘व्हिडिओ टीएस’ नावाचे फोल्डर असते, तेही अख्खे घ्या, त्यातल्या एकट्या मोठ्या फाइलवर समाधान मानू नका. एकच कार्यक्रम एक-एक जीबीच्या तुकड्यांत विभागलेला असतो. सर्वात चांगले म्हणजे पूर्ण डिस्कची आयएसओ प्रतिमा काढणे. डिस्क रिकामी दिसत असेल पण मागच्या बाजूला लिहिल्याचा गडद पट्टा दिसत असेल, तर ती ‘फायनलाइज’ केलेली नसावी. ज्या कॅमेऱ्यावर किंवा रेकॉर्डरवर ती बनली तो मिळाला तर तिथे काम होते. फेकू नका.

पुसायची असेल तर मऊ सुती कापडाने मधून बाहेर, सरळ रेषेत. गोल गोल फिरवून नाही.

आता हार्ड डिस्क: आत की बाहेर

इथे गणित उलटे होते. कॉम्प्युटरच्या आतली डिस्क, विशेषतः एसएसडी, काम करायला उत्तम. त्यावर प्रत उतरवा, तुकडे जोडा, नावे द्या. पण जपणुकीची जागा म्हणून ती कच्ची आहे. डेस्कटॉपमध्ये दोन हार्ड डिस्क बसवून दोन्हीवर प्रत ठेवली की सुरक्षित झाले असे काही जण मानतात. ग्रामीण भागात व्होल्टेज कसे वरखाली होते हे सांगायला नको. एका झटक्यात पॉवर सप्लाय गेला तर तो जाताना दोन्ही डिस्क घेऊन जाऊ शकतो. चोरी झाली तर कॅबिनेटच जाते. व्हायरस आला तर दोन्हीकडे. एका पेटीतल्या दोन प्रती म्हणजे दोन जागा नव्हेत. कायम जोडून ठेवलेली बाहेरची डिस्कही याच कारणाने आतल्यासारखीच समजा. काम झाले की काढून ठेवली तरच ती बाहेरची.

बाहेरच्या डिस्कमध्येही दोन जाती आहेत. साडेतीन इंचीला वेगळा अॅडॉप्टर लागतो, लाइट गेली की ती बंद. अडीच इंची यूएसबीवरच चालते. आपल्याला ही दुसरी. एक टीबीची डिस्क विंडोजवर ९३१ जीबी दाखवते, त्यात फसवणूक नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. भरलेली एक डीव्हीडी सुमारे ४.४ जीबी धरली तर तीत दोनशेच्या वर डीव्हीड्या मावतात. म्हणजे एका वस्तीचीच नव्हे, आसपासच्या चार गावांची पिशवी एका डिस्कमध्ये.

कपाटात ठेवायला फिरणारी हार्ड डिस्क घ्यावी की एसएसडी? एसएसडी पडली तरी सहसा काही होत नाही, म्हणून फिरतीला ती चांगली. पण विजेविना वर्षानुवर्षे पडून राहिली, तेही उकाड्यात, तर तिच्यातला भार हळूहळू कमी होतो. जपून ठेवायला हार्ड डिस्कच बरी आणि स्वस्तही. फक्त ती चालू असताना हलवायची नाही आणि ‘सेफली रिमूव्ह’ केल्याशिवाय ओढायची नाही.

पैसे कमी असतील तर एक मार्ग आहे. बंद पडलेल्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा चांगली असते. दोन-चार स्क्रू काढून ती बाहेर घ्या आणि अडीच इंची यूएसबी केसिंगमध्ये बसवा. केसिंग काही शे रुपयांत मिळते. मात्र ती आधीच वापरलेली आहे, तेव्हा दोनपैकी एक प्रत म्हणून चालेल, एकुलती एक म्हणून नाही. फॉरमॅट करताना एक्सफॅट निवडा, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालते. फॅट ३२ मध्ये चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि डीव्हीडीची आयएसओ नेमकी त्याहून मोठी असते.

ग्रुपवर टाकले आहे, यूट्यूबवर आहे, असे सांगणारे भेटतील. व्हॉट्सअॅप व्हिडिओ दाबून लहान करते, यूट्यूबही स्वतःच्या पद्धतीने पुन्हा दाबते. लोकांना दाखवायला ते ठीक, मूळ प्रत म्हणून नाही. गुगलची मोफत जागा १५ जीबी, म्हणजे तीन डीव्हीड्या. आणि घरगुती मंगल परिणयाचे शूटिंग कुठेही टाकण्याआधी त्या घराला विचारा, विशेषतः त्या घरातल्या बायकांना.

फायलींची नावे ‘न्यू फोल्डर २’ अशी ठेवली तर दहा वर्षांनी हा खजिना पुन्हा अनोळखी होईल. वर्ष, गाव, कार्यक्रम, गायक किंवा वक्ता, एवढे नावातच लिहा. शक्य असेल तर जुन्या माणसाला शेजारी बसवून व्हिडिओ लावा. मिरवणुकीत पुढे कोण चालले आहे, ढोलकीवर कोण आहे, हे तो पाहता पाहता सांगेल. ते मोबाइलवर रेकॉर्ड करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. हे काम माझ्या मते ड्राइव्हच्या निवडीपेक्षा महत्त्वाचे आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत.

दोन डिस्कपैकी एक विहाराच्या कपाटात असू द्या, दुसरी बीड, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यात राहणाऱ्या गावातल्याच कोणाकडे. वर्षातून दोनदा, १४ एप्रिलच्या तयारीत आणि ऊसतोडीच्या गाड्या निघण्याआधी, दोन्ही लावून चार-सहा फायली उघडून पाहा. प्रत निघाल्यावरही मूळ डिस्क फेकायची नाही. कागदी पाकिटात, उभी, पत्र्यापासून आणि खिडकीपासून लांब ठेवायची. आज जी वाचली गेली नाही, ती उद्या दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हवर वाचली जाऊ शकते.